पूर्ण नावानं हाक मारा

कुरिअरवाला जिन्याखालूनच ओरडायचा, "ओ साहेब! पार्सल!"

वर आमच्या ऑफिसात बसलेले ते हलायचे नाहीत. खुर्ची खिडकीला लागून, आवाज सरळ कानात जायचा, तरी नाही. मग तो "काका" म्हणून बघायचा, "भाऊ" म्हणून बघायचा, मामापर्यंत सगळं गणगोत संपवायचा. शेवटी वैतागून पाकिटावरचं पूर्ण नाव वाचायचा. त्यांचं, वडिलांचं, आडनाव. की हे लगेच "हां, आलो," म्हणून उठायचे, चप्पल शोधायचे आणि शांतपणे खाली जायचे. एका कुरिअरवाल्यानं तर "माणूस ठार बहिरा आहे" असं लिहून आमची दोन पार्सलं परत पाठवली होती.

ते पूर्ण नाव मी इथं लिहीत नाही. अर्धं लिहिलेलं त्यांना चालणार नाही, आणि पूर्ण लिहायची परवानगी मी विचारलेली नाही.

आमचं ऑफिस परभणीत एका बी-बियाणांच्या दुकानावर होतं. खाली पिशव्यांचा वास, वर आम्ही तिघं: मालक, ते आणि मी. ते ड्रायव्हर लिहायचे, मी टेस्टिंग करायची आणि मालक फोनवर लोकांना "होऊन जाईल, होऊन जाईल" म्हणायचे. आमचं काम काय ते सांगायला लागलं की लोक जांभई देतात, माझा नवरासुद्धा. म्हणून थोडक्यात सांगते. एका कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो. आतल्याला वाटतं आपण खरेच आहोत, आपली स्वतःची डिस्क आहे, पडदा आहे. खरं तर सगळं बाहेरच्याचं. आतला तो गेस्ट, बाहेरचा तो होस्ट. दोघांच्या मधे देवाणघेवाण करणारे छोटे प्रोग्राम असतात, ते गेस्ट ड्रायव्हर.

त्यांना हे इंग्रजी शब्द पसंत नव्हते. "जावई, सासरा आन मेव्हणा," ते म्हणायचे. "जावई कदी उठून सैपाकघरात जातो का? न्हाई जात. पाणी पायजे असलं तर मेव्हण्याला खुणावतो. मेव्हणा आत जातो, आणून देतो. आपण मेव्हण्याच्या नोकरीत हावोत." मालकांच्या तोंडात हे इतकं बसलं की एकदा ते गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाले, "काळजी करू नका साहेब, मेव्हणा अपडेट झालाय." पलीकडून विचारणा झाली, "कुणाचा?"

तर आतल्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टम नवी घातली की तिचा गाभा बदलतो. त्याला कर्नल म्हणतात. कर्नलमधे शेकडो लहानलहान फंक्शनं असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. ड्रायव्हर त्यांना नावानं हाक मारून काम करून घेतो. नव्या कर्नलमधे काहींची नावं बदललेली असतात, काही सेवानिवृत्त झालेली असतात, काहींचं नाव तेच पण वागणं वेगळं. जुना ड्रायव्हर आपला जुन्या नावांनी हाका मारत बसतो आणि तिकडून कुणी ओ देत नाही. मग तो नव्या कर्नलवर चालता करायचा, याला पोर्टिंग म्हणतात. या कामात त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही. आणि इतका सावकाश माणूसही पाहिला नाही.

त्यांची एक लांबट वही होती. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं नाव, आणि मधल्या रकान्याला डोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, "वागणं तेच का?" त्या रकान्यात उत्तर लिहिल्याशिवाय माणूस पुढच्या ओळीवर जायचा नाही, मग वर आभाळ कोसळो. ड्रायव्हर बांधायला घेतला, म्हणजे लिहिलेलं मशीनला चालवता येईल असं करायला लावलं, की पडद्यावर शे-दोनशे चुका धडाधड खाली पळत जातात. मला बघूनच घेरी यायची. ते एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा पडद्याला लावायचे आणि वरची एकच ओळ उघडी ठेवायचे. "पयली चूक तेवडी खरी. बाकीची तिची पिलावळ." आणि खरंच, ती पहिली सुधारली की निम्म्या चुका आपोआप गायब व्हायच्या.

मालकांनी विचारलं, "झालं का?" की ते म्हणायचे, "व्हायलंय."

सोमवारी व्हायलंय, बुधवारी व्हायलंय, शनिवारी पण व्हायलंय. "झालं" हा शब्द मी त्यांच्या तोंडून तीन वर्षांत एकदाच ऐकला. तो पुढं येईलच.

मी नोकरीला लागले त्या दिवशी ते "जय भीम" म्हणाले, मी नमस्कार केला आणि माझं दोन अक्षरी नाव सांगितलं. पुण्याच्या गिऱ्हाइकांना सोपं जावं म्हणून मी ते तोडून ठेवलं होतं.

"पूर्ण?" ते म्हणाले.

मी माझं, नवऱ्याचं, आडनाव असं सांगितलं.

"आन आधीचं?"

आता पहिल्याच दिवशी कोण कुणाला असं विचारतं? पण मी सांगितलं. मी वालूरची, परभणीत दिलेली. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं नाव बदललं. जुनं काय होतं तेही सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"मंग जुन्या नावानं हाक मारली तर ओ देता का?"

"देते की. माहेरी जुन्याला देते, सासरी नव्याला. बाई तीच."

"तीच?" ते म्हणाले, आणि पडद्याकडे वळले. त्या दिवसापासून तीन वर्षं मला "अहो टेस्टिंग" म्हणत राहिले. बहुतेक कोणत्या नावानं हाक मारायची ते त्यांचं ठरत नसावं. मला राग यायचा. साध्या गोष्टीला एवढं काय धरून बसायचं!

मग ते कचेरीचं काम आलं. नाव सांगत नाही, आपल्याच भागातली एक कचेरी. गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं त्यांनी स्कॅन करून ठेवली होती. कुणाला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे असला की कॉम्प्युटरवर शोधून प्रत काढून द्यायची. प्रोग्राम आतल्या मशीनमधे, दाखल्यांच्या फायली बाहेरच्या मशीनवर, मधे आमचा मेव्हणा. वरून हुकूम आला की आतली सिस्टम नवी करा. सिस्टम नवी केली आणि मेव्हणा आडवा पडला. एकही दाखला उघडेना.

मालकांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "सोमवारपर्यंत दिलं नाही तर काम पुण्याच्या कंपनीला जाणार. ते गेलं तर हे ऑफिस मी बंद करतोय. ज्याला यायचं त्यानं माझ्यासोबत पुण्याला यावं." त्यांना बोलायला काय जातं! माझ्या नवऱ्याची नोकरी परभणीत, आई वालूरला एकटी, दर रविवारी मी तिच्याकडे जाते. पुणं म्हणजे माझी नोकरी संपली. आणि ड्रायव्हर तपासायचं काम परभणीत दुसरं कोण देणार होतं? बी-बियाणांच्या दुकानात पिशव्या मोजायला लागले असते.

गुरुवारपर्यंत सगळी नावं जुळली, एक सोडून. हे फंक्शन एका जागेवरचं नाव उचलून दुसऱ्या जागी उतरवायचं. नव्या कर्नलनं त्याला काढून टाकलं होतं आणि त्याच कामाला दुसरं ठेवलं होतं. आमच्या ड्रायव्हरमधे त्याला चाळीसेक ठिकाणी हाक मारलेली. ते एकेका ठिकाणी जाऊन वहीत लिहीत बसले होते. दिवसाला सहा-सात ठिकाणं. माझा हिशोब सोपा होता, सोमवार काही गाठत नव्हता.

"अहो सर," मी म्हटलं, "वर एकच ओळ लिहा ना. जुनं नाव जिथं दिसंल तिथं नवं समजावं. मिनिटात होतंय. सगळे तसंच करतात."

"वागणं तेच का, ते बघितल्याबिगर न्हाई."

"कामून अडवून धरलंय पण? नाव बदललंय नुसतं!"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग जे सांगितलं ते हवामान सांगावं तसं सांगितलं.

"आमच्या आजाचं एक नाव होतं. गावानं ठेवलेलं. दीक्षा घेतली तवा त्यांनी ते टाकलं आन नवं घेतलं. गाव तर जुन्याच नावानं हाक मारायचं. आजा ओ द्यायचा न्हाई. ज्यांच्या शेतात कामाला होता त्या मालकानं वाड्यापुढं उभं करून तीनदा हाक मारली. आजा समोर उभा, हातात विळा, त्यांच्याकडं बघायलाय, पण ओ न्हाई. ते म्हनले, कान गेले वाटतं याचे. तवापासून गाव त्याला बहिरा म्हनायला लागलं. काम बी गेलं. पण जुनं नाव गेलं ते गेलंच."

"काय होतं ते नाव?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ते कुणी घ्यायचं न्हाई म्हणून तर टाकलं ना," ते म्हणाले. "नाव बदललं म्हणजे काय नुसती पाटी बदलत न्हाई. माणूस येगळा वागायला लागतो. पुढच्यानं बी येगळं वागावं लागतं. बसा आता गुमान."

मी बसले. पण डोक्यात माझं तेच. आपली दोन्ही नावं चालतात ना, कुठं काय बिघडलंय? शनिवारी ते लग्नाला ताडकळसला गेले, त्यांच्या गावी. मी त्यांच्या मशीनवर बसले आणि वर एक ओळ लिहिली. जुनं नाव म्हणजे नवं नाव. ड्रायव्हर एका दमात बांधला गेला. माझ्या सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मालकांना एवढा आनंद झाला की खाली जाऊन बालूशाही घेऊन आले. मी दोन खाल्ल्या.

सोमवारी कचेरीत तिघंही गेलो. त्यांना मालकांनी वाटेत सांगितलं की काम झालंय. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वही उघडली. कचेरीच्या बाईंनी ताडकळसचा कुणाचा तरी एक दाखला उघडून दाखवला. छान उघडला. तिथल्या साहेबांनी मान डोलावली. मग आमचे सर म्हणाले, "मी एक बघू का?" आणि खुर्चीत बसून दोन बोटांनी टाईप करायला लागले. त्या फायलींची नावं लांबलचक होती. जिल्हा परभणी तालुका पूर्णा मौजे ताडकळस शाळा सोडल्याचा दाखला, आणि इतकं सगळं झाल्यावर शेवटी माणसाचं नाव. त्यांनी वडिलांचं नाव घातलं, त्यापुढं आजाचं.

दाखला उघडला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे आमचे न्हाईत," ते म्हणाले.

बाईंनी मघाशी उघडलेलाच दाखला पुन्हा समोर होता. त्यांनी तिसरं नाव घालून बघितलं, चौथं घालून बघितलं. ताडकळसचा कोणताही माणूस मागा, पहिला माणूस हजर. साहेब खुर्ची ओढून पुढं आले. मला कळलं होतं कुठं हात लागलाय ते.

"अहो टेस्टिंग," ते म्हणाले, "एक ओळ घातली का?"

"घातली," मी म्हटलं.

भानगड अशी होती. ड्रायव्हर प्रत्येक फायलीची एक चिठ्ठी करून ठेवतो: या नावाची फाईल अमुक जागी. चिठ्ठीवर नावाला एकशे अठ्ठावीस खण. इंग्रजी अक्षर एक खण घेतं, आपलं मराठी अक्षर तीन, आणि काना-मात्रा-वेलांटीचे आणखी वेगळे. दाखल्याचं नाव कुठलं मावणार? जुनं फंक्शन नाव उतरवून झाल्यावर सांगायचं की बाबा, मूळ नाव एवढं लांब होतं. ते खणांपेक्षा जास्त निघालं की ड्रायव्हर मोठी चिठ्ठी घ्यायचा. नवीन फंक्शन, नाव मावलं नाही तर नुसतं "उणे सात" म्हणतं. ड्रायव्हरनं बघितलं, उणे सात काही एकशे अठ्ठावीसपेक्षा मोठं नाही, म्हणजे सगळं ठीक. त्यानं चिठ्ठीवर मावलं तेवढं लिहिलं, जिल्हा, तालुका, गाव, शाळा. माणसाचं नाव कापलं गेलं. मग सगळ्या गावाची चिठ्ठी एकच. आणि मी चाचण्यांना वापरलेल्या फायलींची नावं काय होती? टेस्ट एक, टेस्ट दोन, एबीसी. सगळी इंग्रजीत. वालूरच्या बाईनं परभणीत बसून ताडकळसचे दाखले तपासायला एबीसी वापरलं.

ते साहेबांकडे वळले. मला वाटलं काहीतरी सावरून घेतील. छे! "ओळ यांनी घातली," माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आन चाचणी मी आज केली, ती शनिवारी करायची व्हती. लग्नाला गेलो. चार दिवस द्या. हे असं चालू करू नका, लोकांना दुसऱ्याचे दाखले जातील."

मालकांचा चेहरा उतरला. साहेब खूप बोलले, ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. शेवटी शुक्रवारपर्यंत मुदत दिली, आणि शुक्रवारनंतर तोंड दाखवू नका म्हणाले.

ते चार दिवस मी त्यांच्या शेजारी बसून काढले. मी जुनी ओळ वाचायची, ते वहीत बघायचे, "वागणं तेच का?" असं मोठ्यानं म्हणायचे, आणि मी उत्तर द्यायची. बहुतेक ठिकाणी तेच होतं. सात ठिकाणी नव्हतं. ते मला एका शब्दानंही टाकून बोलले नाहीत, आणि त्यांनी तोंडभरून माफही केलं नाही. एक वाजला की डबा उघडायचे, भाकरी खायचे, डबा बंद करायचे. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. सगळ्यांसमोर बोट दाखवायची काय गरज होती? जरा गोल बोलता आलं नसतं? पुढं दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग आणखी वेगळा.

शुक्रवारी सकाळी कचेरीत त्यांनी परत तेच नाव टाईप केलं. पिवळट कागद उघडला, त्यावर कुण्या गुरुजीचं निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. मुलाचं नाव, आणि बापाचं नाव म्हणून आजाचं नवं नाव. बहुतेक सरकारी कागदावर ते पहिल्यांदा त्याच गुरुजीनं लिहिलं असावं. त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"हां. हे आमचे," ते म्हणाले. आणि मालकांकडे वळून, "झालं."

ऑफिस राहिलं. माझी नोकरीही राहिली. मालकांना टेस्टिंगला दुसरं कुणी मिळत नव्हतं, हे खरं कारण. पुढच्या वर्षी सरांनीच नोकरी सोडली आणि ताडकळसला राहायला गेले. मालकांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "आता जायलोय." एवढंच. वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा मात्र घेऊन गेले.

मागच्या महिन्यात कचेरीची सिस्टम पुन्हा नवी झाली, पुन्हा कर्नल बदलला, आणि या वेळी पोर्टिंग माझ्या गळ्यात पडलं. मालकांनी विचारलं, "एकटीनं जमंल का?" मी हो म्हटलं. वहीप्रमाणे एकेक नाव घेत गेले, मधला रकाना भरत गेले. दहा दिवसांनी ड्रायव्हर बांधला गेला. मग सरांनी जाता जाता लिहून ठेवलेल्या चाचण्या पहिल्यांदाच चालवल्या. माझ्या नव्हे, त्यांच्या. पहिल्याच ओळीला लाल.

"चाचणी एक नापास. नाव मावत नाही." आणि त्यापुढं ते नाव. जिल्हा परभणी तालुका सेलू मौजे वालूर शाळा सोडल्याचा दाखला, आणि शेवटी माझं नाव. माहेरचं. माझं, वडिलांचं, आडनाव, एक वेलांटी इकडची तिकडं नाही. पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं. परभणीत त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागेल. वडील गेल्यापासून ते सबंध नाव कुणी घेतलेलं नव्हतं.

मी चाचण्यांची फाईल उघडली. एक नंबरला ते नाव. दोन नंबरला तोच जिल्हा, तोच तालुका, तेच वालूर, आणि शेवटी माझं सासरचं पूर्ण नाव. खाली त्यांची एक ओळ लिहिलेली: "दोन बाया. दोन फायली. एकीच्या जागी दुसरी उघडली तर नापास."

मी पडद्यावरच्या त्या लाल ओळीकडे बघितलं आणि म्हटलं, "ओ."

जरा मोठ्यानंच निघालं. मालकांनी फोन बाजूला धरून मान वर केली. "काय? झालं का?"

मी डोळे पुसले आणि वही उघडली.

"व्हायलंय," म्हटलं.